जावयासाठी लिंकनशायरचं सॉसेज आणि बॅक बेकन : ठाणे-नवी मुंबईत मिळेल का? नाहीतर घरी कसं करू?

मासुंदा

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं काय हवंय ते कळेल.

मी ठाण्याची, नौपाड्यात वाढले, आता घोडबंदर रोडला राहते. लेक आणि जावई दीड वर्षापूर्वी नातवाला घेऊन इंग्लंडहून इकडे आले. जावयाचं ऑफिस ऐरोलीला. तो मूळचा लिंकनशायरचा, बॉस्टनजवळचा (अमेरिकेतल्या बॉस्टनला ज्याचं नाव दिलं तेच हे जुनं गाव). आपलं सगळं जेवण तो मनापासून जेवतो. वालाचं बिरडं दोनदा वाढून घेतो. नुकता अधिक महिना झाला, रीतीप्रमाणे धोंड्याचं वाण दिलं, ३३ अनारसे केले. त्याने कौतुकाने खाल्ले, तिकडच्या आईला फोटो पाठवले.

त्याच संध्याकाळी तो वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. त्यांच्याकडे दुपार नुकतीच होत होती, रविवारचा नाश्ता उशिरा चालला होता. वडिलांच्या ताटात तळलेलं अंडं, दोन सॉसेज, बेकन, भाजलेला टोमॅटो. बोलता बोलता हा एकदम गप्प झाला आणि ताटाकडेच बघत राहिला. नंतर लेकीला विचारलं, तर म्हणाली, "आई, इकडे आल्यापासून त्याने एकदाही मनासारखं सॉसेज खाल्लेलं नाही. पण तो बोलणार नाही."

हे मला लागलं, त्याला कारण आहे. लेकीच्या बाळंतपणाला मी तिकडे गेले होते. जाताना डिंक आणि खारीक नेली, अळीव मात्र घरीच राहिले. बाळ तीन दिवसांचं होतं आणि मी सहज म्हटलं, अळिवाची खीर द्यायला हवी होती. जावई काही बोलला नाही. शनिवारी सकाळी गाडी काढून लेस्टरला गेला, तिथल्या आपल्या लोकांच्या किराणा दुकानांत फिरला, आणि दुपारी दोन पाकिटं घेऊन आला. येण्याजाण्यात चार तास गेले असतील. पाकिटावरचं इंग्रजी नाव दाखवत मला म्हणाला, "आई, हे तर आमचं क्रेस आहे." खरंच आहे ते. आपले अळीव पेरून जे कोंब येतात, तेच तिकडे अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात. लहानपणी शाळेत ओल्या कापसावर त्याने ते उगवले होते म्हणे. त्या दिवशी मी खीर केली, पहिली वाटी लेकीला दिली आणि दुसरी त्याला.

तर आता माझी पाळी आहे.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. इथल्या दोन-तीन मोठ्या दुकानांतून गोठवलेली पाकिटं आणली. त्यातलं सॉसेज गुळगुळीत, गुलाबी, रबरासारखं निघालं. त्याने एक खाल्लं, दुसरं अर्धं ठेवलं. बेकन आणलं तर लांबलचक पट्ट्या, अर्ध्याहून जास्त चरबी, तळल्यावर कुरकुरीत. तो म्हणाला, "छान आहे, पण हे अमेरिकन." त्याला हवंय ते बॅक बेकन, म्हणजे डुकराच्या पाठीच्या मांसाचं.

आम्ही सीकेपी. खिमा, कलेजी, सोडे हे सगळं घरात होतं, पण डुकराचं मांस आमच्या ओट्यावर कधी शिजलेलं नाही. त्याची अडचण नाही, वेगळा तवा आणि वेगळी सुरी घेईन. श्रावण लागायच्या आत हे जमवायचं आहे. कुठे मिळतं, काय मागायचं, घरी होतं का, जे माहीत असेल ते लिहा.

ऐरोलीकर

काकू, दुकानं शोधण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे सॉसेज म्हणून जे मिळतं ते बहुतेक फ्रँकफर्टरच्या जातीचं असतं. मांस बर्फाबरोबर अगदी बारीक वाटून त्याची पेस्ट करतात, मग भरतात आणि कारखान्यातच शिजवतात. घरी फक्त गरम करायचं. इंग्लिश नाश्त्याचं सॉसेज कच्चं असतं, जाडसर खिम्याचं, आणि आपण ते घरी हळूहळू तळतो. नाव एकच असलं तरी पदार्थ वेगळे आहेत. उद्या कोणी परदेशात आपल्याला फरसाण मागितल्यावर बटाट्याचे वेफर्स दिले तर कसं वाटेल, तसं ते आहे. मी कामानिमित्त तीन वर्षं जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ होतो. तिथल्या सॉसेजची लांबी ७ ते ९ सेंटिमीटर आणि वजन २० ते २५ ग्रॅम, हे ठरलेलं आहे. २००३ पासून त्या नावाला आपल्या जीआयसारखं (भौगोलिक मानांकन) युरोपचं संरक्षण आहे. इतकंसं सॉसेज, पण वासात एक ओळखीचं काहीतरी होतं आणि मला ते काही केल्या आठवेना. आई महिनाभर राहायला आली तेव्हा बाजारातून सॉसेजमध्ये घालायच्या वाळक्या पाल्याची बरणी आणली होती. तिने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर मरवा!"

मरवाच तो. इंग्रजीत मार्जोरम. जांभळी नाक्यावर गजऱ्यात अबोलीबरोबर गुंफतात तोच. परत आल्यावर मला जेव्हा न्यूरेंबर्गची आठवण आली तेव्हा कुंडीत मरवा लावला (फुलवाल्याकडचा खायला वापरू नका, त्यावर काय फवारलंय कळत नाही), पाव किलो चिकनचा खिमा केला, मरवा, मीठ, पांढरी मिरी घातली आणि लहान लहान वळून तळलं. डुकराचं नव्हतं, सॉसेजसारखं आतड्याच्या सालीत भरलेलंही नव्हतं. तरी पहिल्या घासाला डोळे मिटले.

म्हणून माझं सांगणं, जावयाला आधी नेमकं विचारा की त्याला आठवतं ते काय आहे? वास की चव, की दाताखाली लागणारा जाडसरपणा?

सीवूड्स-४०

धागा छान आहे. मी सहा वर्षं दोह्यात होतो. कतारमध्ये डुकराचं मांस एकाच कंपनीच्या दुकानात मिळतं, दारूही तिथेच, आणि त्यासाठी परवाना लागतो. डुकराचं मांस तिथे २०११ मध्ये विकायला लागले. दुबईत मोठ्या दुकानांमध्ये आतल्या बाजूला वेगळी खोली असते आणि वर पाटी असते, 'बिगर मुस्लिमांसाठी'.

माझ्या टीममधला एक आयरिश माणूस पगार झाला की परवाना घेऊन तिथे जायचा आणि महिन्याभराचं बेकन फ्रीजरमध्ये भरायचा. शुक्रवारी सकाळी त्याच्याकडे चार-पाच जण जमायचे. मी बेकन खात नाही, मी ऑम्लेट घेऊन बसायचो. एरवी हे लोक कामाशिवाय बोलत नसत. त्या टेबलावर मात्र एकेकाच्या आईचं, आजीचं, गावच्या खाटकाचं निघायचं. त्यांच्या बोलण्यात 'रॅशर' हा शब्द यायचा, म्हणजे बेकनचा एक काप. हा शब्द वापरलात तर तुमचा जावई खूश होईल.

तूपसाखर

कोणाला दुखवायचं नाही, पण प्रामाणिक प्रश्न आहे. आपण त्यांच्या देशात जातो तेव्हा जुळवून घेतो ना? मग इथे आलेल्याने पोळीभाजीत समाधान मानायला काय हरकत आहे? आणि डुकराचं मांस घरात आणणं शेजाऱ्यांना चालेल का, हाही विचार व्हावा.

हम्बरकाठी

तूपसाखर, मी मूळची कोपरीची, गेली अकरा वर्षं इंग्लंडातल्या हल शहरात राहते. (काकू, हम्बर नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे लिंकनशायर सुरू होतं, म्हणजे तुमचा जावई माझा शेजारी.) आम्ही जुळवून घेतो हे अर्धंच खरं आहे. इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट असतं. मटण आणि दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे, पण मासळी माणशी २० किलोपर्यंत चालते. म्हणून माझी आई दर खेपेला सुकट आणि सुके बोंबील आणते, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून. जानेवारीत दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा त्या सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी नसती तर माझा पहिला हिवाळा निघाला नसता. माझी इंग्लिश घरमालकीण खिडकी उघडायची, पण एकदाही करू नको म्हणाली नाही.

आता कामाचं लिहिते. इथल्या आमच्या खाटकाला मी मुद्दाम विचारलं. लिंकनशायर सॉसेजची ओळख एकाच गोष्टीत, सेजचा पाला. बाकी डुकराचा जाडसर खिमा, पावाचा चुरा, मीठ, मिरी. कंबरलँडचं सॉसेज मिरीवर चालतं आणि ते जिलबीसारखं एका लांब वेटोळ्यात विकतात. कंबरलँडला २०११ मध्ये युरोपचं संरक्षण मिळालं, लिंकनशायरवाल्यांनीही अर्ज केला होता, पण २०१२ मध्ये तो नाकारला गेला. तो विषय इथल्या खाटकापाशी काढला की अजूनही वीस मिनिटं जातात.

आणखी एक. आपल्याला वाटतं पावाचा चुरा म्हणजे भेसळ. इथे तसं नाही. 'पोर्क सॉसेज' म्हणायला कायद्याने किमान ४२ टक्के डुकराचं मांस असावं लागतं. चांगला खाटीक त्याहून पुष्कळ जास्त घालतो, पण चुरा हवाच. तो मांसाचा रस धरून ठेवतो, त्यामुळे सॉसेज मऊ राहतं. नुसत्या मांसाचं केलंत तर जावई म्हणेल, छान आहे, पण जर्मन.

मासुंदा

सगळ्यांचे आभार. तूपसाखर, तुमचा प्रश्न समजला. शेजारी जैन आहेत, त्यांच्याशी मी आधीच बोलले. स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या बाजूला नाही, आणि मी सकाळी लवकर करणार आहे. जुळवून घेण्याचं म्हणाल तर त्याने दीड वर्ष घेतलंय. मला करावंसं वाटतंय ते त्याने मागितलं म्हणून नव्हे.

ऐरोलीकर, तुमचं ऐकून काल त्याला विचारलं. आधी लाजला. मग म्हणाला, सेज, आणि पांढरी मिरी, आणि तळताना साल फुटून बाहेर आलेला करपलेला चुरा. बेकनबद्दल म्हणाला की गोल भाग मांसाचा हवा आणि कडेला चरबीची एकच पट्टी, आणि ते कुरकुरीत नको, मऊ हवं.

बाटली मसाला

काकू, आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे. आमच्याकडे नाताळात सोरपोतेल आणि फुगे असतात, त्यामुळे डुकराच्या मांसाची खरेदी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोन-चार गोष्टी अनुभवाच्या सांगते.

ठाण्यात ताजं मांस रोज मिळेलच असं नाही. आम्ही वांद्र्याला पाली नाक्याच्या बाजूला जातो किंवा वसईहून आणवतो. वांद्र्यात अशा दुकानांना सगळे 'कोल्ड स्टोरेज' म्हणतात, कोणालाही विचारा. घोडबंदरवरून तुम्हाला वसई जवळ पडेल. सकाळी आठच्या आत जा आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, म्हणजे हवा तो भाग ठेवतात. सॉसेजसाठी खांद्याचं मांस मागा, चरबीसकट, चरबी काढू देऊ नका. खिमा डोळ्यांसमोर एकदाच आणि जाड जाळीतून काढून घ्या, ते सवयीने दोनदा काढतात. बेकनसाठी पाठीचा लांब तुकडा, हाडाशिवाय, वरची चरबी आणि पोटाकडचा थोडा भाग ठेवून. थर्मासचा डबा आणि बर्फ न्या, पावसाळ्यातही.

तुम्हाला कोणीतरी गोव्याचं चोरीस सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. ते मला प्राणाहून प्रिय आहे, पण तुमच्या जावयाला हवं ते तो पदार्थ देणार नाही. लाल मिरची, लसूण, माडाचं व्हिनेगर, वर ते मुरलेलं. पोर्तुगिजांकडून आलेलं आणि मिरचीने पूर्ण आपलंसं झालेलं. त्याची जागा पावात, कांदा-बटाट्याबरोबर.

धनेजिरे

जोहान्सबर्गला नऊ वर्षं होतो, आता खारघर. तिथल्या बुरवोर्स नावाच्या सॉसेजमध्ये भाजलेल्या धन्याची भरड घालतात, भरपूर. किमान ९० टक्के मांस आणि चरबी ३० टक्क्यांवर नको, असा तिथे नियमच आहे. पहिल्यांदा निखाऱ्यावर टाकलं तेव्हा मला घरी मसाला भाजल्याचा वास आला. काकू, तुमच्या सॉसेजला जायफळही लागतं, बरेच इंग्लिश खाटीक जायफळ किंवा जायपत्री घालतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सुगंधा' जात आमच्या गावी माडांच्या सावलीत लावली आहे, हवं तर पाठवतो. श्रीखंडाला घालता तेच.

पारसिक

बेकनबद्दल मी लिहितो. मी खाद्यतंत्रज्ञ आहे, बेलापूरला राहतो. घरी करता येतं, पण मोजून. अंदाजपंचे अजिबात नको.

बेकन गुलाबी दिसतं आणि त्याला ती खास चव येते ती नायट्राइटमुळे. नुसतं मीठ लावलंत तर ते खारवलेलं मांस होईल, शिजल्यावर करडं दिसेल. पूर्वी त्यासाठी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वापरत. ईस्ट इंडिया कंपनी पाटण्याहून जहाजं भरभरून सोरा न्यायची. मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी न्यायची, पण मांस खारवायलाही सोराच लागायचा. मांसातले जिवाणू सोऱ्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, हे विज्ञानाला पुढे कळलं. आज सोरा वापरू नका. क्युअरिंग सॉल्ट क्रमांक १ मागवा. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ. ते मुद्दाम गुलाबी रंगाचं करतात, कारण चुकून भाजीत पडलं तर विषबाधा होऊ शकते. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून नातवाच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

एक किलो मांसाला क्युअरिंग सॉल्ट २.५ ग्रॅम, साधं मीठ २२ ग्रॅम, साखर १० ग्रॅम. मांस जेवढं असेल त्या हिशेबाने. स्वयंपाकघराचा काटा यासाठी चालणार नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. सगळीकडून चोळा, हवाबंद पिशवीत घाला, फ्रीजमध्ये ४ अंशांच्या खाली सात दिवस. रोज पिशवी उलटायची, सुटलेलं पाणी टाकायचं नाही. आठव्या दिवशी धुवा, पुसा, एक दिवस फ्रीजमध्येच जाळीवर उघडं ठेवा. मग पातळ काप.

फ्रीजवर इतका भर देतोय कारण बेकनचा इतिहासच थंडीचा आहे. पूर्वी इंग्लंडातही ते हिवाळ्यातच खारवायचे. विल्टशायरमधल्या काल्न गावातल्या हॅरिस कुटुंबाने १९व्या शतकात बर्फाच्या खोल्या बांधल्या, तेव्हा कुठे ते वर्षभर व्हायला लागलं. घोडबंदर रोडला जुलैत घरात ३० अंश असतात. त्या आठवड्यात बराच वेळ वीज गेली आणि पिशवी कोमट लागली, तर ते मांस टाकून द्या. हळहळू नका.

सॉसेजचा खिमा आतून ७१ अंशांपर्यंत शिजला पाहिजे. टोचायचा थर्मामीटर घ्याच. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर फीतकृमीचा धोका असतो आणि त्याच्या अंड्यांमुळे होणारा मेंदूचा आजार आपल्याकडे आजही दिसतो.

आणि हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोग होतो हे सिद्ध असलेल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. महिन्यातून एका रविवारी करा, रोज नको.

मासुंदा

पारसिक, तुमची पूर्ण पोस्ट वहीत उतरवून घेतली. सोनार वापरतात तसला छोटा काटा लेकीने मागवला. पाठीचा तुकडा वसईहून आणला, ९४० ग्रॅम भरला, हिशेब दोनदा करून मीठ लावलं. आजचा तिसरा दिवस. रोज रात्री निजायच्या आधी पिशवी उलटते.

सॉसेजचा पहिला प्रयत्न मात्र फसला. चुऱ्यासाठी मी बेकरीतला टोस्ट कुटला. आपल्या टोस्टला साखर असते आणि या बेकरीचा वेलचीचा होता. मिश्रण चांगलं दिसत होतं, पण तव्यावर टाकल्यावर घरभर वेलचीचा वास सुटला. वर स्वयंपाकघरातल्या उकाड्यात चरबी वितळून हाताला लागली, त्यामुळे आतला भाग भुसभुशीत झाला. अर्धा किलो मांस वाया गेलं आणि रडू आलं. जावयाला काही कळू दिलं नाही, तो ऑफिसला होता.

आतडं कुठून आणायचं हाही प्रश्न आहे.

हम्बरकाठी

काकू, साधा पाव घ्या. मिठाचा, लादीपाव. कापून रात्रभर उघडा ठेवा, सकाळी मंद भट्टीत वाळवा, मग जाडसर कुटा. इथे खाटीक रस्क वापरतात तोही गोड नसतो.

बाटली मसाला

आतड्याच्या मागे पहिल्याच खेपेला लागू नका. ते धुणं, मिठातून काढणं, उलटं करणं हे शिकायला वेळ लागतो. चकलीचा सोऱ्या आहे ना? नवा एक घ्या, दिवाळीचा वापरू नका. सोऱ्या, खिमा, परात सगळं तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझी मावशी अशीच करायची.

पारसिक

+१. थंड राहिलं तरच चरबी दाणेदार राहते. आणि मीठ आधी नुसत्या खिम्याला लावून दोन मिनिटं चांगलं मळा, हाताला चिकट लागेपर्यंत. मिठाने मांसातलं प्रथिन सुटतं, तेच सगळं बांधून ठेवतं. चुरा आणि बर्फाचं पाणी त्यानंतर.

मासुंदा

धागा वर काढतेय. रविवारी झालं.

माप देते. खांद्याचा खिमा १ किलो, लादीपावाचा चुरा १२० ग्रॅम, बर्फाचं पाणी अर्ध्या कपाहून थोडं जास्त, मीठ १८ ग्रॅम, पांढरी मिरी ४ ग्रॅम, वाळका सेज ४ ग्रॅम, धनेजिरे यांनी पाठवलेलं जायफळ पाव. सेज ऑनलाइन मागवला. ताज्याची कुंडी आणली होती, पण या पावसात चार दिवसांत मुळं कुजली.

सोऱ्याला नेहमीची ताटली तशीच लावली नाही. सगळ्यात मोठ्या भोकाच्या शेव-ताटलीचं मधलं भोक एका लोहाराकडून मोठं करून घेतलं, अंगठ्याएवढं. फ्रीजरमधून काढलेला सोऱ्या इतका गार होता की फडक्याने धरावा लागला. लोण्याच्या कागदावर बोटभर लांबीचे तुकडे पाडले, रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी बिडाच्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, वीस मिनिटं. साल नसल्यामुळे फुटायचा प्रश्न नव्हता, पण कडेचा चुरा सुटून तव्यावर करपला तो मी खरवडून त्याच्याच ताटात वाढला. थर्मामीटरवर ७३ आले.

बेकनचे रॅशर जरा जाड कापले गेले. एकच मिनिट तळून उतरवले, मऊच. रंग गुलाबी आला होता, कडेला चरबीची एक पट्टी. टोमॅटो अर्धे करून भाजले, अंडी तळली.

तो अंघोळ करून बाहेर आला आणि दारातच थांबला. वास त्याला तिथेच आला असावा. बसला, पहिलं सॉसेज काही न बोलता संपवलं. करपलेला चुरा टोस्टने पुसून खाल्ला. नातवाने त्याच्या ताटातला एक तुकडा उचलला, त्यालाही आवडला. दुसरं अर्धं झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, मिरी कमी पडली."

दीड वर्षात या घरातल्या कुठल्याही पदार्थाला त्याने कमी-जास्त म्हटलं नव्हतं. कायम छान आहे, छान आहे. माझा मुलगा कसा म्हणतो, आमटीत गूळ जास्त झालाय, तसं म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या वेळी पाच ग्रॅम घालते. तो म्हणाला, सहा.

हम्बरकाठी

काकू, हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं.

ऐरोलीकर

वाचनखूण साठवली. मरव्याचं एकदा करून बघा, नातवाला लहान लहान आवडतील.

धनेजिरे

सोऱ्याची ती ताटली पितळेची की स्टीलची? स्टीलला लोहार भोक पाडून देत नाही म्हणतोय.

मासुंदा

पितळेची घ्या. स्टीलची असेल तर लेथवाल्याकडे जा, वागळे इस्टेटमध्ये पुष्कळ आहेत, पाच मिनिटांत करून देतात. धार राहिली असेल तर कानशीने घासून घ्या, नाहीतर खिमा अडकतो. मिरी सहा ग्रॅमच घाला, मी काल केली तेव्हा बरोबर झाली.